नामाकाकांचा पहिला घोट

पंप चालू करण्याआधी नामाकाका पाणी प्यायचे. शेजारच्या जूचंद्र गावातल्या आपल्या विहिरीतून भरून आणलेली बाटली उघडायची, एक घोट तोंडात धरायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग गिळून म्हणायचे, "गोड हाय." बटण दाबायचं ते त्यानंतरच. डोंगराच्या पायथ्याला झालेल्या त्या गोल्फच्या मैदानावर मी नवाकोरा इंजिनिअर होतो आणि काका माझे पंप ऑपरेटर. हे काहीतरी देवाधर्माचं असावं, असं मी धरून चाललो होतो.

पहाटे फवारे सुटले की हिरवळीवर धुकं उतरायचं. काका चपला काढून त्यात शिरत आणि गवत कुठे कोरडं लागतं ते तळपायाने बघत. "आमच्या भाताला इतकं लाडानं कोनी पानी पाजलं नाय," म्हणत स्वतःशीच हसत. मी वहीत दाबाचे आकडे लिहायला बसे, पण खरं तर त्या पाण्यातून हळूहळू उजाडताना बघत राही. नोकरी इतकी सुंदर असते, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात टोकाची हिरवळ पिवळी पडली. मॅनेजरांनी ठरवलं, गावाच्या अंगाला बोअर मारायची आणि दुप्पट ताकदीचा पंप बसवायचा. ऐकून काका तडक माझ्याकडे आले.

"सायेब, खाडी हाकेवर हाय. तिकडनं इतकं पानी उपसलं तर खारं पानी आमच्या विहिरीत शिरंल. वाडी जाईल, प्यायचं पानी जाईल."

रोजच्या त्या घोटाचा अर्थ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरला. मला माझी लाज वाटली.

आहे त्याच पंपाचं काही जमतंय का, म्हणून मी पाइप तपासत निघालो. पंपापुढचा मोठा व्हॉल्व्ह अर्धा बंद होता आणि त्याचं चाक सुतळीने बांधून ठेवलेलं.

"हे कोणी केलं?"

काकांनी सुतळीच्या गाठीवरून बोट फिरवलं. "मीच. पहिल्याच वर्षी. वाटलं, अर्धा बंद ठेवला तर गावचं पानी वाचंल."

त्या अर्ध्या दारावर पंप इतकी वर्षं धडका देत होता. वीज जळत होती, टोकाला पाणी पोहोचत नव्हतं, आणि त्यापायीच नवी बोअर येऊ घातली होती. हे मी त्यांना समजावलं. सुतळी काकांनी स्वतःच्या हाताने सोडली.

पंपातलं पाणी फेकणारं चाक आम्ही वालीवच्या वर्कशॉपमध्ये नेऊन लेथवर थोडं लहान करून आणलं, म्हणजे पंप गरजेपुरतंच पाणी उपसेल. व्हॉल्व्ह सताड उघडला आणि सगळे फवारे एकदम सोडण्याऐवजी पाळ्या लावल्या. काकांनी मोटरीवर तळवा ठेवला. "आता धापा टाकत नाय बिचारी." टोक पुन्हा हिरवं झालं, विजेचं बिल उतरलं, बोअर रद्द झाली. मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली. सुतळी कोणाची, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

पुढे मी नोकरी बदलली. काका गेल्याचं बऱ्याच उशिरा कळलं, तेव्हा जूचंद्रला गेलो. काकींनी विहिरीचं पाणी पुढ्यात ठेवलं आणि तिथेच थांबल्या.

"ते गेल्यापासनं पानी कसं हाय ते सकाळचं कोनी सांगत नाय," त्या म्हणाल्या.

मी घोट तोंडात धरला, डोळे मिटले. क्षणभर हिरवळीवरचं ते धुकं दिसलं.

"गोड हाय, काकी."