मोटारीतला खण आणि माझा दिवाळसण

माझ्या आयुष्यात मी एकदाच रुसलो, आणि तेव्हासुद्धा मी रुसलो नव्हतो.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मी साताऱ्याला शाळामास्तर. सासुरवाडी कराडच्या पुढे, कृष्णाकाठच्या एका गावात. सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ आणि घरची मोटार! कुणी एक गोरा साहेब विलायतेला जाताना ती त्यांना विकून गेला होता. सुभेदार ती स्वतः धुवत, स्वतः पुसत आणि आत बसणाऱ्या प्रत्येकाला आधी पाय झटकायला लावत. (सासूबाईंना दोनदा.)

मला या माणसाची मनापासून भीती वाटे. वर्गातल्या चाळीस पोरांना दरडावणारा मी, त्यांच्यासमोर पाणी पितानासुद्धा घोट वाजू देत नसे. ते "बसा" म्हणत तेव्हा मी बसलेलाच असे, तरी उठून पुन्हा बसे.

पहिल्या दिवाळसणाला आम्ही गेलो. पाडव्याच्या सकाळी फराळ झाला, बायका स्वयंपाकाला लागल्या, सुभेदार ओट्यावर आपली बंदूक पुसत बसले आणि मी अंगणातल्या निंबाखाली उभ्या असलेल्या मोटारीत हळूच जाऊन बसलो. नुसतं बसायचं होतं हो! पण समोर एक छोटा खण होता, आणि त्याला पितळी बटण होतं. मी ते दाबलं. झाकण धाडकन माझ्या गुडघ्यांवर पडलं. आतून एक स्प्रिंग टुणकन उडाली, ती कुठे गेली हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

"कोन हाय गाडीत?" ओट्यावरून आवाज आला.

"मीच, मामा. सहज बसलोय."

"बसा की. कशाला हात तेवढा लावू नगा."

मी झाकण वर ढकललं. ते क्षणभर विचार करून पुन्हा खाली आलं. मग मी खिशातलं पत्र काढलं (सुभेदारांनीच दिवाळसणाचं निमंत्रण म्हणून धाडलेलं), त्याची घडी करून फटीत खुपसली. झाकण पत्रासकट खाली आलं. दुसऱ्या खिशात सासूबाईंनी आग्रहाने कोंबलेल्या शंकरपाळ्या होत्या. एक शंकरपाळी फटीत ठोकली आणि काय सांगू, झाकण बसलं! मी देवाचे आभार मानून हात काढला, तोच शंकरपाळीचा भुगा झाला. मोहन घालताना सासूबाईंचा हात सढळ असतो, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. शेवटी मी चिडून झाकणाला एक बुक्की मारली. तेव्हा बिजागरीचा स्क्रू निघून माझ्या हातात आला आणि झाकण एका बाजूने लोंबू लागलं.

आता एकच उपाय उरला. मी गुडघा वर घेतला आणि झाकणाला टेकवून धरला. खण बंद! फक्त मला हलता येत नव्हतं. गुडघा काढला की झाकण पडणार, झाकण पडलं की आवाज होणार, आवाज झाला की सुभेदार येणार, आणि सुभेदारांच्या हातात बंदूक होती.

तेवढ्यात माझी बायको शालन जेवायला बोलवायला आली. एकटी आली असती तर मी तिच्या पाया पडून सगळं सांगितलं असतं. पण बरोबर तिची काकी होती, आणि थोरामोठ्यांसमोर बायकोशी गुजगोष्टी करायचा तो काळ नव्हता. मी समोरच्या काचेतून निंबाकडे बघत म्हणालो, "मला जेवायचं नाही. मला इथंच बसू द्या."

घरात हाहाकार उडाला. दिवाळसणाला जावयाने रुसायचं, सासऱ्याने काहीतरी कबूल करायचं, मग जावयाने ताटावर बसायचं, ही आमच्याकडची रीत. सासूबाई पदर सावरत आल्या आणि अंगठी तर ठरलेलीच आहे म्हणाल्या. मी म्हणालो, अंगठी नको. त्यांनी दुभती म्हैस कबूल केली. मी म्हणालो, म्हैसही नको, मी इथं बरा आहे. पायाला मुंग्या आल्यामुळे माझा चेहरा फार कठोर दिसत असावा, कारण सासूबाई डोळे पुसतच परत गेल्या.

मग शेजारचे म्हातारे पेन्शनर हवालदार आले. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, मला निरखून पाहिलं आणि ओट्याकडे वळून सांगितलं, "आवं सुभेदार, समदं नगं म्हंतोय आनि गाडीतनं उतरंना. गाडीच पायजे जावायाला."

बघता बघता कुंपणाला माणसं लागली. मास्तर दिसतो गरीब पर आतून लय खोल हाय, असं माझ्याविषयी मत पडलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाबांनो, मोटार नको, मला फक्त एक स्प्रिंग हवी आहे! पण तोवर ओट्यावरून सुभेदार उठले होते आणि माझ्याकडेच येत होते. बंदूक हातातच होती. (ती खाली ठेवायचं ते विसरले होते, असं मला नंतर कळलं. नंतर कळून काय उपयोग?) मी मारुतीला एक नारळ कबूल केला. ते दहा पावलांवर आल्यावर दोन केले.

सुभेदारांनी बंदूक निंबाला टेकवली, पाय झटकले आणि ते माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ ते स्टिअरिंगवरून नुसता हात फिरवत राहिले. मग बोलले. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"जावाईबापू, एकुलती एक पोर दिली तुमास्नी. तवा बी मी रडलो न्हाई. गाडी घिऊन जावा. पर घरी गेल्यावर ह्याच्यावरनं पोरीला बोलू नगा."

मी वळून पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. लढाईवरून आलेला हा माणूस मला भीत होता! मला, एका मास्तराला! आणि कशासाठी भीत होता हे कळल्यावर मला स्वतःची अशी लाज वाटली की बंदुकीचं भय गेलं. मी गुडघा खाली घेतला.

झाकण पडलं. पाठोपाठ निमंत्रणाचं पत्र आणि शंकरपाळीचा भुगा, सगळं त्या स्वच्छ मोटारीत सांडलं.

"ह्ये काय?"

"मोडलं, मामा. माझ्या हातून मोडलं. तेव्हापासून धरून बसलोय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही गोळी घालाल म्हणून."

सुभेदार त्या झाकणाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कवायतीच्या मैदानावरचा आवाज लावून घराला हुकूम दिला, "वाढा गं जेवायला. जावाई रुसला न्हाई. भ्यालाय."

कुंपणावरची माणसं इतकी हसली की निंबावरचे कावळे उडाले. शालन मात्र माझ्यासमोर हसली नाही. ती तोंडाला पदर लावून आत गेली आणि माजघरात जाऊन हसली. मला ते पानावर बसल्या बसल्या स्पष्ट ऐकू येत होतं. तरी मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

जेवणानंतर दुरुस्ती निघाली. सुभेदारांनी तार बांधून पाहिली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून पाहिला. फौजेत आपण तोफा दुरुस्त केल्या आहेत असं सांगून हवालदारांनी पाना हातात घेतला आणि उरलेली बिजागरीही उपटून काढली. झाकण सुटं झालं. सुभेदारांनी ते निमूटपणे पुसलं आणि घरात नेऊन ठेवलं.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी औक्षण केलं. ताटात अंगठी होती, धोतरजोडी होती, आणि वर लाल फडक्यात बांधलेलं, हळदकुंकू लावलेलं ते झाकण होतं. सुभेदार अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "घ्या. तुमचा मान."

आजही कुणी विचारलं, दिवाळसणाला सासऱ्यांनी काय दिलं, तर मी बेधडक सांगतो, मोटार दिली. थोडी दिली एवढंच. उरलेली मागायची माझी छाती झाली नाही.