भारती चौधरींचा डावीकडचा कीबोर्ड

भारती चौधरी यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला सूतगिरणीत ‘भूतवाली मशीन’ म्हणत. त्यावर दुसरं कुणी बसलं की काम अडायचं. डिस्पॅचचा एक सुपरवायझर एकदा बसला, दोन कळा दाबल्या आणि उठला. “मॅडम, यह मशीन आपकोच पहचानती है,” म्हणाला. भारती हसल्या. खरं कारण त्यांना आणि शेजारच्या टेबलावरच्या रंजिताला, दोघींनाच माहीत होतं.

रंजिता त्यांची धाकटी जाऊ. शहरातल्या राजपुऱ्यात एकाच घरात दोघींचे संसार. सकाळी पोळ्या एकीनं लाटायच्या, दुसरीनं भाजायच्या, डबे भरायचे आणि एकाच स्कूटरवरून तापीचा पूल ओलांडून जैनाबादच्या अंगाला असलेल्या गिरणीत जायचं. रंजिताला ही नोकरी भारतींनीच लावून दिली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे पीजीडीसीएचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट होतं आणि घरात बसून काय करायचं हा प्रश्न होता. “माझी जाऊ आहे, हुशार आहे, चुकली तर मला धरा,” असं भारतींनी तेव्हाच्या मॅनेजरला सांगितलं होतं.

भारती मूळच्या जवळच्याच शहापूरकडच्या. वडिलांची केळीची बाग. घरातल्या मुलींपैकी बी.कॉम. झालेल्या त्या पहिल्या. गिरणीत लागल्या तेव्हा काळ्या पडद्याचे, हिरव्या अक्षरांचे जुने टर्मिनल होते. पार्टीचं नाव, लॉट नंबर, बोऱ्या, वजन भरायचं. मग गेट पास निघायचा आणि ट्रक सुटायचा. पुढे टर्मिनल मोडीत गेले, साधे कॉम्प्युटर आले. प्रोग्रॅम मात्र जुनाच राहिला. त्यासाठी प्रत्येक मशीनवर टर्मिनल इम्युलेशनचं सॉफ्टवेअर टाकलं गेलं. म्हणजे नव्या कॉम्प्युटरनं जुन्या टर्मिनलचं सोंग घ्यायचं. जुन्या कीबोर्डावरच्या काही कळा नव्यावर नव्हत्याच, म्हणून त्यांची कामं दुसऱ्या कळांना नेमून दिली होती. भरलेला पडदा ‘पाठवायचा’ तर उजवीकडचा कंट्रोल. रकाना संपवून पुढे जायचं तर आकड्यांच्या पॅडवरचं अधिक. दोन्ही उजव्या हाताला.

काही वर्षांपूर्वी भारती घराच्या जिन्यावरून पडल्या. उजवं कोपर मोडलं. हाड जुळलं, पण नस दुखावली ती दुखावलीच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून राहिलं, अंगठ्यात पकड राहिली नाही. नोकरी ठेक्याची, दर वर्षी नव्यानं मिळणारी. हात गेला हे कळलं की नाव गळणार, हे त्यांनी गृहीत धरलं. कामावर परतल्या त्या हातावर पदर घेऊनच.

“कुणाला सांगू नको,” त्या रंजिताला म्हणाल्या.

“मी कशाला सांगू? तुम्ही डाव्या हातानं चालवा ना सगळं.”

“कळा उजवीकडं आहेत.”

“मंग डावीकडं आणू.”

जेवणाच्या सुट्टीत रंजितानं कळांच्या नेमणुकीचं, म्हणजे मॅपिंगचं सेटिंग उघडलं. पडद्यावर कीबोर्डाचं चित्र आलं. एकेक काम माउसनं उचलून दुसऱ्या कळेवर सोडायचं होतं.

“‘पाठव’ कुठं पाहिजे, ताई?”

“जिथं माझी करंगळी पडते तिथं.”

‘पाठव’ कॅप्स लॉकवर आलं. पुढच्या रकान्यात जाणं एक आकड्याच्या शेजारच्या, कुणी कधी न वापरणाऱ्या कळेवर. पान उलटणं डाव्या आल्टवर. “आता तुमच्या मशीनवर मी बसले तर माझीपण नोकरी जाईल,” रंजिता म्हणाली. दोघी तोंडावर रुमाल धरून हसल्या.

महिनाभरात भारतींचा वेग पूर्वीइतका झाला. सेटिंग कसं करतात हे त्यांनी विचारलं नाही. मशीन बदललं की रंजिता नव्या मशीनवर ते टाकून द्यायची.

गेल्या वर्षी गिरणीनं डिस्पॅचच्या दोन खुर्च्यांची एक करायचं ठरवलं. दोघींची परीक्षा होणार होती. खऱ्या नोंदी, ठरावीक वेळ, जिचं काम जास्त आणि चुका कमी तिची खुर्ची. दुसरीचा ठेका पुढे वाढणार नव्हता. घरी या गोष्टीवर कुणी मोठ्यानं बोललं नाही. “जी राहील ती राहील, घरातच आहे,” एवढं भारतींचे यजमान मनोज म्हणाले. परीक्षेच्या आदल्या दिवशी रविवार होता. दोघींनी मिळून मांडे केले. पुरण रंजितानं वाटलं.

सोमवारी भारती मशीनवर बसल्या. पहिली नोंद भरताना पुढच्या रकान्यात जायची कळ दाबली. पार्टीच्या नावापुढे एक तिरकी रेघ उमटली. ती पुसून त्यांनी पडदा तसाच भरला आणि कॅप्स लॉक दाबलं. काही गेलं नाही, नुसता दिवा लागला. त्यांनी शेजारी पाहिलं. रंजिता पडद्याकडे बघत होती. तिची बोटं चालू होती.

मॅनेजर जीवन सर मागे उभे होते. काय झालं ते विचारायचं तर उजवा हात दाखवावा लागला असता. भारतींनी डावा हात कीबोर्डावरून आडवा नेऊन उजवा कंट्रोल दाबला. मग प्रत्येक रकान्याला डावा हात पलीकडे, पुन्हा अलीकडे. एकदा वजनाच्या रकान्यात नको ती कळ लागली आणि पडदा अडकला. वेळ संपली तेव्हा रंजिताच्या निम्म्याही नोंदी त्यांच्या झाल्या नव्हत्या.

निकाल सांगताना जीवन सर सहज बोलून गेले. “आप तो इतनी तेज थीं. हेड ऑफिसनं सगळ्यांना एकच मॅपिंग ठेवायला सांगितलं, ते खरं. पण मैंने पूछा था, कुणाचं वेगळं ठेवायचं का. रंजिता मॅडमनं शनिवारी काम बंद झाल्यावर टाकलं सगळीकडं. म्हणाल्या, जरूरत नहीं.”

भारती बाहेर आल्या.

रंजिता स्कूटरपाशी थांबली होती. “त्यांना सांगितलं असतं तर तुमचा हात कळला असता, ताई. तुम्हीच म्हणाला होतात, कुणाला सांगू नको.”

“त्यांना नको होतं सांगायला. मला का नाही सांगितलं?”

रंजितानं किल्ली लावली, पुन्हा काढली. “मोहितला शनिवारीच सांगितलं होतं मी,” म्हणाली. मोहित म्हणजे तिचा नवरा, भारतींचा धाकटा दीर. रविवारी मांडे वाढायला भारतीच उभ्या होत्या. त्यानं चार खाल्ले होते.

भारती ऑटोनं घरी गेल्या. यजमानांना त्यांनी सगळं सांगितलं. “आता घरात वाद नको,” मनोज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या जीवन सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. पदर बाजूला केला आणि हात दाखवला. सरांनी पाहिलं. निकाल हेड ऑफिसला गेला होता. “आधी सांगायचं ना, मॅडम,” ते म्हणाले.

ठेका महिनाअखेरपर्यंत होता. काम रंजिताला समजावून द्यायचं होतं. बुधवारी भारती आल्या, मशीन लावलं, पहिल्याच नोंदीला बोट सवयीनं कॅप्स लॉकवर गेलं आणि पडदा पाठवला गेला. जुनं मॅपिंग परत आलं होतं.

“मी टाकलं सकाळी,” रंजिता हळू आवाजात म्हणाली. “तेवढे दिवस तरी सोपं जाईल तुम्हाला.”

“काढ ते.”

“ताई, कशाला त्रास करून घेता?”

“काढ. मला काढता येत नाही.”

रंजितानं ते काढलं. महिनाअखेरपर्यंत भारतींनी सगळ्यांसारख्याच कीबोर्डावर काम केलं, डावा हात आडवा नेत. गेटवर ट्रक थांबायचे. ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, “मॅडम, पास!” शेजारच्या टेबलावरून रंजिता दोनदा म्हणाली, मी करून देते. भारतींनी कीबोर्ड सोडला नाही. एकेक पास निघत राहिला, उशिरा, पण बिनचूक.