चांद्याचे नाव कोणाला विचारायचे?

मित्रहो, आज दुपारी माझी नात आदिलाबादच्या शिकवणीहून आमच्या गावी, बेल्याला, परतली ती रडतच. "आबा, मी उद्यापासून शिकवणीले जात नाई."

ती रुबी ही संगणकभाषा शिकते. पोळ्यासाठी आमच्या बैलांची यादी करावी म्हणून तिने 'बैल' नावाचा क्लास, म्हणजे साऱ्या बैलांचा सामाईक साचा, लिहिला, त्यात नाव सांगणारी मेथड, म्हणजे छोटी आज्ञावली, घातली आणि नाव त्या क्लासलाच विचारले. संगणकाने चूक दाखवली. शिक्षक म्हणाले, "मेथडच्या आधी सेल्फ लाव." सेल्फ लावल्याने ती मेथड थेट क्लासची झाली; चूक गेली, पण नावाच्या जागी काहीच उमटेना. "असं काऊन, सर?" या प्रश्नाला उत्तर मिळाले, "पाठ कर. पोरींना एवढं पुरे."

माझा संताप अनावर झाला. तिला गोठ्यात नेऊन मी विचारले, "एकूण बैल किती, हे कोणाला विचारशील?"

"क्लासले. ते साऱ्याइचं हाय."

"आणि नाव?"

तिने आमच्या चांद्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "याले! नाव त याचं एकट्याचं हाय. म्हणजे सेल्फ मोजणीच्या मेथडले पायजे, नावाच्या नाई!"

हे सांगायला शिक्षकांना एक मिनिट पुरले असते. उद्या ती शिकवणीला जाईल आणि पहिल्या बाकावर बसेल. मला तुम्हाला एकच विचारायचे आहे: कारण विचारणाऱ्या मुलीला गप्प बसवणाऱ्यास आपण शिक्षक का म्हणावे?