कुसुमताईंचा प्रिंटर

कुसुमताई गेल्या त्या सकाळी त्यांच्या मुलानं, अभयनं, जिन्यातूनच हाक मारली. आईला बरं नाही म्हणून तो बेंगळुरूहून आलेलाच होता. दुपारी निधनाची चार ओळींची बातमी मी लिहिली आणि वर्तमानपत्राला पाठवली. त्यात ‘दुःखद निधन’ असं गेलं. ‘दुःखद’ त्यांनी नक्की खोडलं असतं... निधन सुखाचं असते का गा, असं विचारून.

हुडकेश्वरच्या त्यांच्या घरात त्या वर राहत, मी खाली भाड्यानं. एकाच वर्तमानपत्रात त्या मुद्रितशोधक होत्या आणि मी उपसंपादक. निवृत्तीनंतर मी आठवड्याचं सदर लिहू लागलो, त्या ते तपासू लागल्या. कार्यालयानं जुने संगणक काढले तेव्हा आम्ही एकेक घरी आणला होता. दोन्हींवर लिनक्स ही फुकटातली संगणकप्रणाली. प्रिंटर एकच, वर त्यांच्या खाटेजवळ, घरच्या वायफायवर. जोडताना त्याला मी ‘कुसुमताई’ असं नाव दिलं होतं. प्रिंट म्हटलं की पडद्यावर एक चौकट उघडते आणि तीत प्रिंटरांची यादी येते. चौकट घरभर प्रिंटर शोधत फिरत नाही. प्रिंटर सुरू झाला की तोच नेटवर्कवर आपलं नाव सांगतो, ते ऐकून यादी तयार होते. तो बंद झाला की नाव जातं. ताई वाचायला बसणार असतील तेव्हाच प्रिंटर सुरू करत. लेख संपला की मी चौकट उघडायचो. नाव दिसलं तर पान पाठवायचं, नाही दिसलं तर ताई आडव्या झाल्या असतील, वर जायचं नाही. हे आम्ही कधी बोलून ठरवलं नव्हतं. सकाळी चहाला वर गेलो की लाल खुणांचं पान तयार असे. “काहून गा सुधीर, ‘कार्यक्रम संपन्न झाला’ म्हणे! नुसता झाला लिहिलं तर पेपरवाले तुले हाकलून देतेत का?”

मग त्या न्हाणीत पडल्या. अभय बेंगळुरूला चल म्हणून धरून बसला. “मी इथं रिकामी नाही बसून राहिली,” त्या म्हणाल्या, “याचं लिहिलेलं कोण पाहीन?” अभय माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं तेव्हापुरता विषय सोडला. आईशी रोज व्हिडिओवर बोलता यावं म्हणून त्यानं वर वायफायचा एक नवा डबा बसवला, प्रिंटरही त्याला जोडून दिला आणि परत गेला. त्यानंतर माझ्या यादीत नाव येईना. कंबर दुखत असेल, असं मी धरलं आणि लेख तसाच वर्तमानपत्राला पाठवला. पुढच्या आठवड्यातही तसंच. मग अभयचा फोन आला. “काका, आई तयार झाली. तिकीट काढून राहिलो.”

मी वर गेलो. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला होता.

“हा सुरू आहे, ताई?”

“रोज सुरू करूनच बसून राहिली ना मी! तूच काही पाठवत नाही. आता माझं काम नाही पडत, तर सांगून द्यायचं. इतका काहून लाजतं?”

नव्या डब्यानं वर स्वतःचं वेगळं नेटवर्क केलं होतं. प्रिंटर नाव सांगतो ते त्याच्या नेटवर्कपुरतंच, पलीकडे जात नाही. वर तो सांगत होता, खाली माझा संगणक ऐकत होता आणि मध्ये तो डबा होता. सेटिंग बदलून मी दोन्ही मजले पुन्हा एका नेटवर्कवर आणले, खाली येऊन पान पाठवलं. वरून आवाज आला, “आलं गा!” संध्याकाळी त्यांनी अभयला तिकीट काढू नको म्हणून सांगितलं. त्या शेवटपर्यंत याच घरात राहिल्या...

परवा अभय घर आवरायला पुन्हा आला. मी खाली हा मजकूर लिहीत होतो. पहिलं पान झालं आणि चौकट उघडली, तर यादीत नाव होतं. चालतो की नाही हे पाहायला अभयनं प्रिंटर सुरू केला असणार, हे मला कळत होतं. तरी पान पाठवलं. थोड्या वेळानं तो ते घेऊन खाली आला. पानावर एकही खूण नव्हती.

“वाचलं मी. आईनं काय खोडलं असतं यातलं?”

“बरंच.”

“प्रिंटर चांगला आहे काका. खाली आणून घ्या. वर नुसता पडून राहीन.”

“वरच राहू दे.”

“वर आता कोण आहे?”

मी पुढचं पान लिहायला घेतलं. तो वर गेला, खोल्यांना कुलपं लावली आणि उतरताना जिन्यातला वरच्या मजल्याचा मेन स्विच पाडला. बटण दाबून बंद केलेला प्रिंटर जाताना तसं कळवून जातो, त्याचं नाव यादीतून लगेच निघतं. वीजच तोडली तर त्याला कळवायला वेळ मिळत नाही. यादीला ते उशिरा समजतं.

फाटक वाजलं. ऑटो सुरू झाला, वळणापर्यंत ऐकू आला आणि मग ऐकू येईनासा झाला. पडद्यावर ‘कुसुमताई’ अजून होतं...