नागपूर ते पुणे, फक्त दीड तास!

आमच्या दुकानात तिकिटं विकली जातात आणि किस्से फुकट साठतात! सावंगीला दवाखान्याजवळ बाबांचं विमान-रेल्वे बुकिंगचं छोटंसं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथे कोपऱ्यात बसून गृहपाठ करते. बोलत नाही, त्यामुळे मी आहे हे लोक विसरतात आणि मनमोकळं बोलतात.

यंदाचे किस्से मात्र बहुतेक आमच्याच घरचे. प्राजक्ताताईला पुण्यात नोकरी मिळाली. कंपनीला पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता आणि आई म्हणत होती, "एवढ्या दूर नाई!"

*

बाबांनी आईला हिशोबच सांगितला. "आष्टी तुह्यं माहेर. एस्टीनं अडीच तास. नागपूरहून पुणं विमानानं दीड तास. मंग जवळ कोणतं?"

आई पोळी उलटत म्हणाली, "आष्टीची बस हात दाखवला का थांबते. तुमचं विमान थांबते काय?"

बाबा दुसरी पोळी न मागताच उठले!

*

दुसऱ्या दिवशी अल्लीपूरचे एक काका दुकानात आले. "भाऊ, पुणं किती किलोमीटर?"

"रस्त्यानं सातशेच्या वर. विमानानं सहाशेच्या आसपास."

"वरून कमी काऊन?"

"वर वळणं नाईत ना काका."

काका विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "अंतर कमी, तं भाडं जास्त काऊन घेऊन राह्यले बापा?"

बाबांनी त्यांना चहा पाजला.

*

मग आष्टीहून मामा आला. आईच्या बाजूनं! माझ्याच वहीच्या मागच्या पानावर त्यानं मांडलं: घर ते नागपूर विमानतळ दोन तास. तिथं दोन तास आधी हजर. उडायला दीड तास. बॅगेची वाट अर्धा तास. पुण्याचा ट्रॅफिक दीड तास.

"साडेसात तास, भाऊजी! एवढ्यात मी आष्टीले जाऊन, जेवून, झोपून वापस येतो."

बाबा म्हणाले, "साळेबुवा, तुम्ही माह्या दुकानासमोर उभे नका राहू!"

*

तरी कागदपत्रं दाखवायला ताईला एका दिवसासाठी जाऊ दिलं. पहिलंच विमान. ती उडाली तेव्हा आईनं पुरणाची डाळ शिजत घातली. पुरण वाटून होतं न होतं, तोच ताईचा फोन. "आई, पोचले!"

"खोटं! नागपूरलेच बसून असशीन."

ताईनं व्हिडिओवर विमानतळाची पाटी दाखवली. आई म्हणाली, "पाटी कोणीबी लावते."

तेवढ्यात मागून रिक्षावाल्याचा आवाज आला, "नाही जमणार, पुढचा बघा!"

आईनं फोन ठेवला. "पोचली पोरगी."

*

होकार कळवायचा शेवटचा दिवस. ताई सकाळपासून माझ्या शेजारी कोपऱ्यात बसून होती. मोबाइल हातात, होकाराचा ईमेल लिहिलेला, पाठवलेला नाही. आणि आई दुकानात आली! कधीच येत नाही. गिऱ्हाइकासारखी काउंटरसमोर उभी राहिली.

"पुण्याहून नागपूरले किती वेळ लागते?"

बाबा गोंधळले. "तेवढाच. दीड तास."

"येतानाबी?"

"येतानाबी."

"मंग एक तिकीट काढा."

बाबांनी सवयीनं विचारलं, "प्रवाशाचं नाव?"

आईनं ताईचं पूर्ण नाव सांगितलं. हळूहळू, एकेक अक्षर.

"तारीख?"

"दिवाळीच्या दोन दिवस आधीची. येण्याचं पहिले काढा. जाण्याचं मंग पाहू."