हरल्यावर पुढच्या दाराने

आमच्या पेठेचा फुटबॉल संघ जिंकला, की त्याचे मास्तर मैदानाच्या मागच्या दाराने गुपचूप घरी जातात. हरला, की मात्र पुढच्या दाराने येतात, जिथे सगळी पेठ चिडून उभी असते. मी तिथेच शेंगा विकते, म्हणून मला ठाऊक.

काल ओळीने तिसऱ्यांदा हरलो. मास्तरांना काढा, असंच जो तो म्हणत होता. तेवढ्यात ते आले आणि गर्दीत उभे राहिले.

“मास्तर, पोरास्नी जेवायला घालतासा का न्हाई?” तात्या पैलवान ओरडले.

“घालतोय की. तुमच्या शिव्यांनी पचत न्हाई.”

लोक हसले. मास्तर माझ्याकडे वळले. “मावशी, तुमीबी बोला.”

मी चारचौघांत बोलत नाही. पण तोंडून निघून गेलं, “डावीकडचं पोरगं निम्म्या खेळातच दमतंय.”

मग तात्याच म्हणाले, “खरं हाय.”

“उद्या सरावाला या, तिथं दाखवा,” मास्तर म्हणाले. “सगळीच या.”

कौतुक घ्यायला कुणीही पुढे येतो. बोलणी खायला येणारा माणूस आपला वाटतो.

आज सकाळी मी सरावाला गेले. तात्या आधीच आले होते, पोरांसाठी दुधाची किटली घेऊन.