ब्रह्मदेशातून आणलेला देव

हिंगणीच्या धुरपताबाईच्या देव्हाऱ्यात ब्रह्मदेशाचा एक देव होता. नवरा पुंडलिक लढाईवरून परतला तेव्हा त्याने तो कांबळ्यात गुंडाळून आणला होता. कोणता देव, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. देव म्हटला की शेंदूर आलाच, म्हणून बाईने तो फासला आणि दहा-अकरा वर्षं इमानेइतबारे निवद दाखवला.

पुढे पुंडलिक तापाने गेला. जाताना म्हणाला, "पडलेल्या देवळातून उचलला व्हता. एक म्हातारा साधू हात जोडत शिवेपर्यंत मांगं आला. मी वळूनई पाह्यलं नाई."

छप्पन साली वस्तीने नागपूरला दीक्षा घेतली आणि घरोघरचे देव टोपल्यांत बसून बोर नदीत बुडायला निघाले. वाटेत धुरपताबाईच्या टोपलीतल्या देवाचा शेंदूर निखळला. आत मिटले डोळे, लांब कान, शांत चेहरा. इतकी वर्षं मुकाट्याने शेंदूर सोसत बसलेला तो बुद्धच निघाला! वस्तीला आभाळ ठेंगणं झालं. विहाराचा ओटा बांधून तयार होता, आता मूर्तीही घरचीच मिळाली.

वैशाखी पुनवेला मूर्ती बसवायला भंते आले. त्यांनी आधी पंचशील शिकवलं. दुसरं शील समजावताना म्हणाले, "जे कोणी दिलं नाही, ते घ्यायचं नाही." सगळ्यांनी म्हटलं. धुरपताबाईच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. तिने सगळ्यांसमोर नवऱ्याची गोष्ट सांगून टाकली. भंते ब्रह्मदेशात राहून आलेले, आणि पुन्हा तिकडेच जायचे होते. त्यांनी मूर्तीच्या बैठकीवरची अक्षरं वाचली, तर तिथे त्या देवळाच्या गावाचं नावच कोरलेलं होतं.

"मंग वापस नेजा," बाई म्हणाली.

वस्तीतले वडीलधारे नानाजी भडकले. "जल्मभर आपल्याले कोनी देवळाची पायरी चढू देली नाई. हा सोताहून आपल्या घरी आला, अन तू त्याले काऊन हाकलून राह्यली?"

"आला नाई, नानाजी. आणला."

तिने मूर्ती पुढे केली. भंतेंनी हात मागे घेतले. "ही आता वस्तीची आहे, बाई. वस्तीने दिली नाही आणि मी नेली, तर मीही न दिलेलंच घेतलं. मी उद्या सकाळी निघेन."

बाईला त्यांचा रागच आला. चांगलं करायला जावं तर तिथेही आडकाठी! वस्तीत त्या दिवशी तिच्याशी कोणी धड बोललं नाही. तिलाही वाईट वाटत होतंच. रिकाम्या ओट्यासमोर उद्यापासून पोराबाळांनी हात जोडायचे ते कुणाला?

सकाळी नानाजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. डोळे सुजलेले होते. त्यांनी मूर्ती उचलली आणि भंतेंच्या ओंजळीत ठेवली. पण हात काही केल्या सुटेनात.

"तिथल्या लोकायले सांगजा," ते म्हणाले, "हिंगणीच्या लोकायनं देली म्हणा. आमी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात मागत आलो, भंतेजी. देण्याची ही आमची पयलीच येळ हाये."